बारदानासकट

ज्या माणसाने बावीस वर्षं दुसऱ्यांचे काटे तपासले, त्याच्याच मुलीच्या दप्तराचं वजन शाळेच्या फाटकावर जास्त भरलं, ही बातमी बाजारात पोचायला किती वेळ लागतो, याचं माप अजून कुठल्या खात्याने काढलेलं नाही. ग्रॅमसाहेबांच्या अंदाजाने शाळा सुटायच्या आत. कारण चिमी घरी येऊन दप्तर टाकते न टाकते, तोच दूधवाला त्यांना जिन्यात भेटला आणि म्हणाला, "साहेब, ऐकलं ते खरं का?"

ग्रॅमसाहेब हे त्यांचं आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बाजारात बेकरीवाल्यापासून भंगारवाल्यापर्यंत सगळे त्यांना तोंडावर 'ग्रॅमसाहेब' म्हणत आणि पाठ वळली की नुसतं 'ग्रॅम'. त्यांना दोन्ही माहीत होतं. मनातून दोन्ही आवडतही होतं.

चिमी चौथीत होती. तिच्या शाळेने यंदा नियम काढला होता की दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या एक दशांशापेक्षा जास्त असता कामा नये. फाटकाशी पीटीचे सर टांगता काटा घेऊन उभे राहत आणि मनाला येईल त्याचं दप्तर तोलत. दप्तर जड भरलं की डायरीत लाल चिठ्ठी, त्यावर पालकांची सही. तीन चिठ्ठ्या झाल्या की त्या मुलाची सहल बंद. आणि सहल म्हणजे काही बसमधून जाऊन बसमधून परत येण्यातली नव्हती. तळ्याकाठी दोन मुक्काम, तेही तंबूत. चिमीने आपल्या शेजारी कोण झोपणार, खिडकी कुणाची, विजेरी कोण आणणार हे सगळं दोन महिने आधीच ठरवून टाकलं होतं.

चिमीचं वजन सव्वीस किलो, म्हणजे दप्तर दोन किलो सहाशेच्या आत हवं. भरलं तीन किलो चारशे.

"घ्या, सही करा," बायकोने चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली. ती ग्रंथालयात काम करत असे आणि कुठलाही कागद कुणाकडे जायला हवा हे तिला नेमकं कळत असे. "मी करणार नाही. हा तुमच्या खात्याचा विषय आहे."

ग्रॅमसाहेबांनी सही केली, पण अशी वेडीवाकडी केली की उद्या कुणी म्हटलंच तर ती आपली नाही असं म्हणता यावं.

"बाबा, दोन उरल्या," चिमी म्हणाली.

"एकही लागणार नाही. हा दप्तराचा दोष आहे. उद्या नवीन दप्तर आणू. आणि ते मी निवडीन."

हे शेवटचं वाक्य त्यांनी जरा मोठ्याने म्हटलं आणि तिथेच घात झाला, कारण खालच्या मजल्यावरच्या पोस्टमास्तरकाकांची खिडकी उघडी होती. काका निवृत्त होते आणि सल्ल्याच्या बाबतीत अजूनही कामावर होते. दहा मिनिटांत ते वर येऊन बसले.

"बॅगेत काय बघायचं? पट्टा," काका म्हणाले. "बाकी सगळं फोल. पस्तीस वर्षं बॅगांशी संबंध आहे माझा."

काकांचा बॅगांशी संबंध इतकाच होता, की इतर लोक त्या खांद्यावर टाकून बाहेर पडत असताना काका खुर्चीत बसून बघत. पण वयाचा मान ठेवून कुणी काही बोललं नाही. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या पाठदुखीच्या डॉक्टरीणबाई जिना उतरताना थांबल्या. त्यांचं म्हणणं, पट्टा दुय्यम, खरा प्रश्न कण्याचा. पाठीला टेकणारी फ्रेम हवी, छातीशी क्लिप हवी, कमरेला पट्टा हवा. "आत्ता जपलं नाही तर हिचा खांदा वडलांसारखा होईल," त्या म्हणाल्या.

हे मात्र ग्रॅमसाहेबांना झोंबलं. त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली होता, ही गोष्ट घरात आणि शिंप्याकडे सोडून कुठे बोलायची नव्हती. त्यांच्या ऑफिसच्या बॅगेत पितळी प्रमाण वजनांची लाकडी पेटी असे, शिवाय शिक्का, हातोडी आणि नोंदवही. पट्टा दोनदा तुटून आता तारेने बांधलेला होता. शिंपी न विचारता त्यांच्या सदऱ्याचा डावा खांदा उतरता शिवत असे.

"स्वतःसाठीही एक बघा मग," बायको म्हणाली.

"माझ्या बॅगेला काय झालंय? बावीस वर्षं चाललीय."

"तेच म्हणतेय मी."

ग्रॅमसाहेबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. कागदी विषयांवर बायकोशी वाद घालायचा नाही आणि खांद्याच्या विषयावर तर मुळीच नाही, असं त्यांचं धोरण होतं.

बॅगांच्या दुकानात पुढे शाळेच्या बॅगा, मधे ऑफिसच्या आणि मागे प्रवासाच्या, अशी मांडणी होती. बहुतेक माणसं पुढूनच घेऊन परत जातात. ग्रॅमसाहेब पहिल्या तासात मधे पोचले आणि दुसऱ्या तासात मागे. त्यांनी प्रत्येक शिवणीचे टाके मोजले. चेन चाळीस वेळा उघडून मिटली. एका बॅगेवर ओंजळभर पाणी शिंपडून घड्याळ लावून बसले. दुकानदाराने सुरुवातीला चहा मागवला होता. पुढे त्याने तो एकट्यानेच प्यायला.

"साहेब, मुलगी शाळेतच जाते ना?" त्याने शेवटी विचारलं.

"म्हणून काय झालं?"

"नाही, ही डोंगर चढायची बॅग आहे."

पण तिला फ्रेम होती. छातीशी क्लिप होती, कमरेला पट्टा होता, पावसाचं आच्छादन होतं आणि पट्ट्यावर एक शिट्टी होती, जी हरवल्यास वाजवायची. चिमीला शिट्टी आवडली. बॅग घरी आली, चिमीच्या पाठीवर चढली आणि मागून बघितलं तर चिमी दिसेनाशी झाली. खाली फक्त दोन बूट उरले. पोस्टमास्तरकाकांनी पट्टा ओढून बघितला आणि तो पास असल्याचं जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी फाटकावर ही बॅग काट्याला लागली. तीन किलो नऊशे.

दुसरी चिठ्ठी चिमीने आईकडे दिली नाही आणि वडलांकडेही दिली नाही. जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवली आणि खुर्चीत बसून राहिली. ग्रॅमसाहेबांनी बॅग रिकामी केली आणि घरच्या काट्यावर ठेवली. रिकामी बॅग एक किलो चारशे भरली.

"तुम्ही घेताना वजन नव्हतं केलं?" बायकोने अगदी हळू विचारलं.

"दुकानात काटा नव्हता."

"तुमच्या खांद्यावरच्या बॅगेत काय होतं?"

ग्रॅमसाहेब खिडकीबाहेर बघू लागले. "बारदान कोण मोजतं," ते पुटपुटले.

इथे बारदानाविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण ग्रॅमसाहेबांचं अर्धं आयुष्य त्यात गेलं होतं. माल ज्यात भरतात ते बारदान. पोतं, खोका, बरणी, डबा. गिऱ्हाईक माल विकत घेतं, खोका नाही. म्हणून खोक्याचं वजन आधी वजा करायचं आणि मग माल मोजायचा. हे ग्रॅमसाहेबांनी बाजारात इतक्या वेळा सांगितलं होतं की आता त्यांचा हातच तसा वळला होता. काही मोजायला घेतलं की त्यांचं बोट आपोआप काट्याच्या शून्य करायच्या बटणावर जाई. मागच्याच महिन्यात त्यांनी बेकरीवाल्याला बिस्किटं पुठ्ठ्याच्या खोक्यासकट तोलताना रंगेहाथ पकडलं होतं आणि भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, वीस मिनिटं बारदानावर बोलून मग दंड केला होता. दंडाचं बेकरीवाल्याला फारसं वाटलं नाही. ती वीस मिनिटं त्याने लक्षात ठेवली होती.

बॅग बदलायला गेल्यावर दुकानदाराने आधी बॅगेवरून कापलेलं किमतीचं लेबल मागितलं, मग बिल मागितलं आणि मग ग्रॅमसाहेबांना दुकानात पुन्हा दोन तास बसायची तयारी करताना पाहून काहीही न मागता बॅग बदलून दिली. या खेपेला त्यांनी सर्वांत हलकी बॅग घेतली. साधी, पातळ, चारशे ग्रॅम. शिट्टी गेली म्हणून चिमी हिरमुसली, पण सहलीचा विषय असल्याने गप्प बसली. दप्तर मात्र घरच्या काट्यावर अजूनही मर्यादेबाहेरच भरत होतं.

"तुम्ही चुकीच्या बाजूने विचार करताय," पोस्टमास्तरकाका म्हणाले. "दप्तर कमी होत नसेल तर मुलगी वाढवा. एक किलो मुलगी वाढली की शंभर ग्रॅम सवलत. सरळ हिशेब आहे."

हिशेब सरळच होता, हे ग्रॅमसाहेबांना नाकारता येईना. चार दिवस चिमीला सकाळी दोन, दुपारी दोन अशी केळी आणि वर दूध सुरू झालं. पाचव्या दिवशी तिचं वजन पाचशे ग्रॅमने वाढलं आणि केळ्याचं नाव काढलं की ती बाथरूममध्ये जाऊन कडी लावू लागली. वाढलेल्या वजनाची नोंद करून घ्यायला ग्रॅमसाहेब शाळेच्या कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाने चष्मा कपाळावर घेतला.

"मुलांचं वजन वर्षाच्या सुरुवातीला घेतात."

"पण ते आता बदललंय."

"मग पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला बदललेलं येईल."

"मधे बदलायचं असेल तर?"

"डॉक्टरचा दाखला, पालकांचा अर्ज, वर्गशिक्षिकेचा शेरा. मग समितीपुढे ठेवतो."

"समिती कधी बसते?"

"सहलीनंतर," कारकून म्हणाला आणि चष्मा खाली घेतला. ग्रॅमसाहेब स्वतः सरकारी नोकरीत होते. हे सगळं ते स्वतः रोज कुणाला ना कुणाला सांगत असत, पण टेबलाच्या या बाजूने ते पहिल्यांदाच ऐकत होते आणि त्यांना ते अजिबात आवडलं नाही.

शेवटी त्यांनी आपल्या मूळ विद्येकडे परत जायचं ठरवलं. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद अंथरला, काटा मधोमध ठेवला, आणि चिमीच्या दप्तरातली एकेक वस्तू तोलून तक्ता केला. बॅग, चारशे, ही त्यांनी सर्वांत आधी आणि दोनदा लिहिली. पुस्तकं, वह्या, कंपास. पेन्सिली अर्ध्या कापल्या. खोडरबराचे तीन तुकडे करून एक ठेवला. वहीची कोरी पानं फाडायला निघाले तेव्हा बायकोने हात धरला. डबा भरून आला, त्यातला खाऊ तोलला, लिहिला. शाळेची डायरीही लिहिली, पण तिच्याकडे बघावंसं त्यांना वाटलं नाही, कारण ती उघडली की लाल चिठ्ठ्याच दिसत. बेरीज झाली दोन किलो पाचशे चाळीस. त्यांनी खाली रेघ ओढली, सही केली, या वेळी स्वच्छ, आणि तारीख घातली.

"साठ ग्रॅम शिल्लक आहेत," ते चिमीला म्हणाले. "शिट्टी हवी तर विकत आणू."

सोमवारी ते स्वतः फाटकापर्यंत गेले. पीटीच्या सरांनी दप्तर आकड्याला अडकवलं. काट्यावर दोन किलो आठशे पन्नास.

चिमीने वडलांकडे पाहिलं. रडली नाही, नुसतं पाहिलं. सरांनी नाखुशीनेच लाल चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं, पण तेवढ्यात ग्रॅमसाहेबांची नजर काट्याच्या मागच्या बाजूला गेली आणि त्यांचा चेहरा उजळला. तिथे शिक्का नव्हता. खात्याने तपासून मारलेला शिक्काच नव्हता.

"सर, हा काटा तपासलेला नाही," ते म्हणाले. "याच्यावर चिठ्ठी देता येणार नाही."

फाटकाशी उभ्या असलेल्या आईबापांत एकदम चैतन्य आलं. ज्यांच्या मुलांना चिठ्ठ्या मिळाल्या होत्या ते जवळ आले. ज्यांच्या मुलांना मिळाल्या नव्हत्या तेही आले. मुख्याध्यापिकाबाई बाहेर आल्या, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. मग तपासून द्या. तोपर्यंत ही चिठ्ठी थांबवते. काटा चुकीचा निघाला तर सगळ्यांच्याच रद्द करू."

ग्रॅमसाहेब तरंगत ऑफिसात गेले. नियमाप्रमाणे ज्यात आपल्या घरच्यांचा संबंध आहे तो काटा निरीक्षकाने स्वतः तपासू नये, म्हणून त्यांनी आपल्या वरच्या साहेबांना तसं सांगितलं. साहेबांनी दुसऱ्या निरीक्षकाची रजा दाखवली, त्याचा गुडघा सुजला होता. "तुम्हीच जा. पण काटा काय म्हणतो तेच लिहा. मुलगी काय म्हणते ते नाही."

"साहेब, बावीस वर्षांत एकदाही..."

"म्हणूनच सांगतोय. बावीस वर्षांत मुलीचा काटा कधी आला नव्हता."

बुधवारी सकाळी फाटकाशी टेबल मांडलं गेलं. पालक गर्दी करून उभे होते. त्यांत बेकरीवालाही होता; त्याचा मुलगा चिमीच्याच वर्गात होता आणि त्याच्याही दोन चिठ्ठ्या झालेल्या होत्या. पोस्टमास्तरकाका शाळेशी काही संबंध नसताना पहिल्या रांगेत होते. ग्रॅमसाहेबांनी तारेने बांधलेली बॅग खांद्यावरून उतरवली, पेटी उघडली, मखमलीतून पितळी वजनं एकेक करून काढली. त्यांना स्वतःला जराही शंका नव्हती. हा काटा तीनशे ग्रॅम तरी पुढे आहे, हे त्यांनी मनात लिहूनसुद्धा टाकलं होतं.

एक किलो लावलं. काटा म्हणाला एक किलो. दोन लावलं, दोन. अडीच, अडीच. त्यांनी वजनं पुसली आणि पुन्हा लावली. मग उलट्या क्रमाने लावली. मग पन्नास ग्रॅमचं एकटं लावलं. काटा इतका नेमका होता की खात्यात नमुना म्हणून ठेवावा.

गर्दीतला आवाज हळूहळू खाली आला. चिमी वर्गाच्या पायरीवर उभी राहून बघत होती. काटा बरोबर, तक्ताही बरोबर, मग तीनशे दहा ग्रॅम रस्त्यात कुठून आले? त्यांनी खिशातून तक्ता काढला आणि ओळ न् ओळ वाचू लागले. बेकरीवाला पुढे सरकून त्यांच्या खांद्यावरून, म्हणजे अर्थातच डाव्या, डोकावला.

"साहेब," तो अगदी नम्रपणे म्हणाला, "खाऊ एकशे ऐंशी ग्रॅम लिहिलाय. डबा कुठे लिहिलाय?"

ग्रॅमसाहेबांनी तक्ता बघितला. डबा कुठेही नव्हता. रविवारी डबा काट्यावर ठेवताना त्यांच्या बोटाने, बावीस वर्षांच्या सवयीने, आधी काटा शून्य केला होता आणि मग आत खाऊ मोजला होता. दोन मजली स्टीलचा डबा. त्यांनी तो टेबलाशी ठेवलेल्या चिमीच्या दप्तरातून काढला, खाऊ कागदावर काढून ठेवला आणि रिकामा डबा तोलला. तीनशे दहा.

"बारदान," बेकरीवाला म्हणाला. त्याने तो एकच शब्द म्हटला, पण गेला महिनाभर तो हा शब्द सांभाळून ठेवत होता हे सगळ्यांना कळलं.

लोक हसले. ग्रॅमसाहेबांचे कान तापले. पण बेकरीवाला आता मुख्याध्यापिकांकडे वळला, कारण त्याला स्वतःच्या मुलाचीही सहल वाचवायची होती. "बाई, साहेबांनी मला वीस मिनिटं शिकवलंय. डब्याचं वजन मालात धरायचं नाही, हा नियम आहे. दंड भरलाय मी त्यासाठी. मग शाळेने तरी डबा का धरायचा? डबा वजा केला की यांची मुलगी मर्यादेत बसते, माझा मुलगाही बसतो."

पालकांनी माना डोलावल्या. मुख्याध्यापिकांनी ग्रॅमसाहेबांकडे पाहिलं. "असा नियम आहे का?"

नियम होता. तोंडातून नुसतं 'हो' निघायची खोटी होती. चिमी तळ्याकाठी पोचली असती. बाजारातही त्यांची लाज राहिली असती. ग्रॅमसाहेबांनी पायरीवरच्या चिमीकडे पाहिलं. तिला फार काही कळत नव्हतं, पण बाबांनी 'हो' म्हणायचंय एवढं कळत होतं. तिचे दोन्ही खांदे सरळ एका रेषेत होते, हे त्यांना त्या क्षणी दिसलं.

"नियम आहे," ते म्हणाले. "पण तो विकत घेणाऱ्यासाठी आहे. विकत घेताना खोका वजा होतो. उचलताना नाही होत. पाठीला बारदान कळत नाही." त्यांनी शिक्का काढला, काट्यावर ठेवला आणि हातोडीने एक ठोका दिला. "काटा बरोबर आहे. सर, चिठ्ठी द्या."

पीटीच्या सरांनी चिठ्ठी फाडली. ती चिकटवायला चिमीची डायरी मागवली. चिमीने येऊन ती दप्तरातून काढून टेबलावर ठेवली, डोळ्यांना हात न लावता, आणि तिचा ठप्प असा आवाज झाला.

तो आवाज ग्रॅमसाहेबांनी ऐकला. त्यांनी डायरी हातात घेतली. जाड पुठ्ठा, गुळगुळीत कागद, शाळेची प्रार्थना, शाळेचे नियम, समित्यांची नावं, दप्तराच्या वजनाचा नियम पूर्ण दोन पानं, आणि मागे लाल चिठ्ठ्यांसाठी पंचवीस कोरी पानं.

"बाई," ते म्हणाले, "ही रोज आणावीच लागते का?"

"अर्थात. चिठ्ठी लावायला लागते ना."

ग्रॅमसाहेबांनी डायरी नुकताच शिक्का मारलेल्या काट्याला लावली. चारशे ऐंशी. त्यांनी आकडा मोठ्याने वाचला नाही. पोस्टमास्तरकाकांनी वाचला, कारण कुणीतरी वाचायला हवा होता.

मुख्याध्यापिकांनी पुढे येऊन आकडा स्वतः वाचला. मग चिठ्ठी त्यांनी सरांच्या हातून घेतली, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये टाकली. "उद्यापासून डायऱ्या वर्गाच्या कपाटात राहतील," त्या म्हणाल्या. "आणि आजच्या दप्तराचं वजन डायरीशिवाय किती?"

"दोन किलो तीनशे सत्तर," सर म्हणाले. "डब्यासकट."

बेकरीवाल्याचा मुलगाही बसला. जाताना बेकरीवाल्याने ग्रॅमसाहेबांच्या हातात बिस्किटांचा खोका ठेवायचा प्रयत्न केला. त्यांनी नियमाप्रमाणे तो नाकारला, पण या वेळी भाषण केलं नाही.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा चिमी सहलीची यादी करत बसली होती. त्यांनी बॅग खांद्यावरून काढून दाराशी टेकवली. चिमी उठली, पट्टा दोन्ही हातांनी धरून ओढू लागली, पण बॅग जागची हलली नाही. मग तिने न्हाणीघराजवळचा माणसांचा काटा फरफटत आणला. "बाबा, आधी तुम्ही उभे राहा," ती म्हणाली. "आता बॅग घेऊन उभे राहा." बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन टेकली.

चिमीने आकडे लिहिले, वजाबाकी केली, एक दशांश काढला, खोडून पुन्हा काढला. मग लाल खडूने कागदावर चौकोन आखला आणि आत लिहिलं: दप्तराचं वजन अकरा किलो सातशे. हवं सहा किलो आठशे. पहिली चिठ्ठी. पालकांची सही.

"माझे पालक कोण?" ग्रॅमसाहेब म्हणाले.

चिमीने कागद आईकडे दिला. आईने तो भिंतीवर टेकवून स्वच्छ, वाचता येईल अशी सही केली.

"बारदानासकट मोजलंस ना?" तिने चिमीला विचारलं.

"बारदानासकट," चिमी म्हणाली. "दोन उरल्या, बाबा."

ग्रॅमसाहेबांनी चिठ्ठी घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि शनिवारी शिंप्याकडे जाण्याआधी ते बॅगांच्या दुकानात गेले. त्यांना दारात पाहून दुकानदाराने चहा एकच मागवला.